मॅग्नेट पुलर, क्लच होल्डर, सील ड्रायव्हर: बाइकची स्पेशल अवजारं घरच्या घरी

बाइकच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पानोपानी ‘स्पेशल टूल’ आणि त्याचा नंबर दिलेला असतो. ते अवजार मागवायचं तर किंमत, कुरिअर आणि वाट पाहणं आलं, आणि बहुतेकदा ते वर्षातून एकदाच लागतं. नीट पाहिलं तर ही सगळी अवजारं चारच कामं करतात: फिरणारा भाग धरून ठेवणं, घट्ट बसलेला भाग सरळ ओढणं, नवा भाग सरळ दाबणं आणि साधा पाना जात नाही तिथं पोचणं. जोर कुठून कुठं जायला हवा हे कळलं की अवजार कशापासून करायचं ते आपोआप सुचतं. छिन्नी आणि दोन किलोच्या हातोड्यानं इंजिनची जी वाट लागते, ती जोर भलत्या जागी गेल्यानं लागते.

खाली दिलेली अवजारं १०० ते १५० सीसीच्या रोजच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आहेत. मापं गाडीनुसार बदलतात, म्हणून व्हर्नियर कॅलिपर हवाच. साधा स्टीलचा घ्या. बॅटरीवाला प्लॅस्टिकचा नको.

सामान कुठून आणायचं

या बाबतीत सोलापूरकरांचं बरं आहे. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांचं भंगार सतत निघत असतं, आणि त्यातल्या तीन गोष्टी बाइकच्या कामाला फार चांगल्या. पहिली म्हणजे तुटलेली पिकिंग स्टिक, म्हणजे धोटा फेकणारा लाकडी दांडा. हे लाकूड धोट्याचे फटके खाऊनच मोठं झालेलं असतं, त्यामुळे ठोकायच्या दांड्याला आणि ठोकळ्याला एकदम चांगलं. दुसरी, झिजलेला प्लॅस्टिकचा पिकर, म्हणजे धोट्याला लागणारा ठोकळा. याला दांडा बसवला की क्रँककेसवर (इंजिनच्या बाहेरच्या कवचावर) खड्डा न पाडणारी मऊ हातोडी तयार होते. तिसरी, जुना व्ही-बेल्ट; त्याचं काम पुढं येईल.

शेतीच्या दुकानात २०, २५, ३२, ४०, ५० मिमी बाहेरच्या व्यासाचे पीव्हीसी पाइप मिळतात आणि ते वीतभर तुकडाही देतात. हार्डवेअरच्या दुकानातून ८, १० आणि १२ मिमीचे आटेवाले गज (थ्रेडेड रॉड म्हणूनच मागा), जाड वायसर आणि लांब कपलिंग नट घ्या. हे गज मऊ लोखंडाचे असतात. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय ताणले तर नट मध्येच जाम होतो आणि आटे जातात. साधा नट दोन-तीन कामांत घासून जातो, लांब नट टिकतो.

क्लच होल्डर

सुरुवात याच्यापासून करा, कारण सामान फुकट आहे. क्लचचा मधला नट सोडवताना सेंटर हब फिरतो, तो धरायचा. क्लचमधल्या लोखंडी प्लेटांचे दाते आतल्या बाजूला असतात आणि ते याच हबवर बसतात. म्हणजे हब पकडणारा तयार भाग गॅरेजच्या कचऱ्याच्या डब्यात पडलेला आहे, त्याला फक्त दांडा लावायचा.

एकच प्लेट घेऊ नका. ती जेमतेम दीड मिमी जाडीची असते. जोर आला की वाकते आणि दाते हबवरून निसटून हबचे कंगोरे खातात. त्याच मॉडेलच्या तीन जुन्या लोखंडी प्लेटा घ्या, पेट्रोलनं तेल साफ करा आणि जुन्या हबवर चढवून दाते एका रेषेत आणा. हब नसेल तर दातांच्या खाचेत दोन-तीन ठिकाणी खिळे घालून रेषेत धरा. मग बाहेरच्या कडेला सहा जागी छोटे टाके वेल्ड करून घ्या. समोरासमोरचे टाके आळीपाळीनं मारायचे. एकाच बाजूनं सलग वेल्डिंग ओढलं तर प्लेट तापून वाकडी होते आणि हबवर चढतच नाही. शेवटी २५ × ६ मिमीची, ३५० ते ४०० मिमी लांबीची पट्टी बाहेरच्या कडेला वेल्ड करा. पट्टी प्लेटच्या मध्याकडं येऊ द्यायची नाही, नाहीतर गोटी (नटावर बसणारा सॉकेट) आत जाणार नाही.

वापरताना पट्टीचं टोक फूटरेस्टवर किंवा जमिनीवर लाकडाच्या ठोकळ्याला टेकवा. क्रँककेसच्या कडेवर मात्र चुकूनही नको. ती ॲल्युमिनियमची कड म्हणजे गॅस्केट बसायची जागा. तिथं एक चरा पडला की तिथून तेल झिरपत राहतं.

वेल्डर जवळ नसेल तर दुसरा मार्ग आहे, पण क्लचच्या प्लेटा स्प्रिंगांनी दाबलेल्या असतील तरच त्यानं हब धरला जातो. क्रँकवरचा छोटा प्रायमरी गिअर आणि क्लचचा मोठा गिअर जिथं एकमेकांत शिरतात, तिथं तांब्याची पट्टी अडकवायची. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं तांब्याचे तुकडे मिळतात. ३ मिमी जाडीचा, बोटभर लांब पुरे. नट सोडताना गिअर ज्या दिशेला फिरतील त्या दिशेनं दाते जिथं जवळ येतात, तिथं पट्टी घाला. आवळताना तीच पट्टी दुसऱ्या बाजूनं. तांबं दबतं, दाता वाचतो. इथं स्क्रू ड्रायव्हर घालणारे मेकॅनिक दिसतात, पण गिअरच्या दाताचा टवका उडाला तर तो तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत सापडला तरी नशीब समजायचं.

चार खाचांच्या नटाची गोटी

स्प्लेंडरसारख्या इंजिनात क्रँकच्या टोकाला ऑइल फिल्टरचा गोल डबा असतो आणि तो गोल, चार खाचांच्या नटानं धरलेला असतो. कुठलाच साधा पाना यावर बसत नाही. मग खाचेत छिन्नी लावून ठोकतात, खाच फाटते, आणि लोखंडाचे कण नेमके तेलाच्या वाटेवर पडतात.

यासाठी अर्ध्या इंची ड्राइव्हची जुनी १७ नंबरची गोटी घ्या. तिचा बाहेरचा व्यास साधारण २४ मिमी असतो आणि या नटाला लागणारं अवजार २०/२४ मिमीचं असतं, म्हणून ती जुळते. तरी आधी आपला नट मोजा. चार दात एकमेकांना बरोबर काटकोनात यायला हवेत आणि सहा कोनी गोटीवर नजरेनं ते जमत नाही. कागदाची पट्टी गोटीभोवती गुंडाळा, जिथं टोक जुळतं तिथं कापा, पट्टीची दोनदा घडी घाला आणि उलगडून परत गुंडाळा. घड्यांवर मार्करनं खुणा केल्या की चार जागा मिळाल्या.

आता दातांमधला भाग काढायचा. ४ इंची ग्राइंडरला १ मिमीची कटिंग चाकी लावा आणि दात नटाच्या खाचेपेक्षा अर्धा मिमी रुंद सोडा. उंची ३ ते ४ मिमी पुरे. उंच दात वाकतो आणि शेजारच्या वायसरलाही अडतो. प्रत्येक काप दोन-तीन सेकंदांचा, मग पाण्यात बुडवायचं. धातूवर निळा रंग चढला म्हणजे गोटीचं पाणी उतरलं. ती दोन नटांत वाकणार. शेवटचा अर्धा मिमी कानशीनं घासा आणि दर चार-सहा हातांनी नटावर लावून बघा. दाताच्या बाजू सरळ उभ्या हव्यात. टोकाकडं निमुळत्या झाल्या तर आवळताना गोटी वर चढून निसटते.

नट सोडायच्या आधी लॉक वायसरची दुमडलेली जीभ सरळ करायला विसरू नका. गोटी नटावर ठेवा, तळहातानं घट्ट दाबा आणि मग फिरवा.

हीच युक्ती हँडलच्या कोनसेटच्या खाचांच्या नटाला चालते. तिथं गोटीऐवजी नटाच्या व्यासाचा, ३ मिमी जाडीचा लोखंडी पाइप घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाला आडवा गज वेल्ड करायचा. कोनसेटला फार जोर लागत नाही, त्यामुळे मऊ पाइपही चालतो.

मॅग्नेट पुलर

मॅग्नेट, म्हणजे वीज तयार करणारं चुंबकांचं चाक, क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. त्याला धरून ठेवते ती ही निमुळती बसणी; अर्धचंद्र चावी फक्त टायमिंग जुळवण्यापुरती. म्हणूनच नट काढल्यावरही मॅग्नेट हलत नाही, आणि म्हणूनच एकदा पकड सुटली की ‘टक्’ आवाज करून हातात येतो.

बहुतेक मॅग्नेटच्या मधल्या भागात पुलरसाठीच आटे पाडलेले असतात. त्यात बसणारा बोल्ट मिळाला की पुलर मिळाला. काही गाड्यांमध्ये मागच्या चाकाचा ॲक्सल त्याच आट्यांत बसतो, म्हणजे पुलर गाडीलाच लावलेला असतो. ॲक्सल आधी हातानं फिरवून बघा. पाच-सहा आटे अडखळल्याशिवाय आत गेले तरच पुढं जा. दोन फेऱ्यांत अडकला तर आट्यांचा पिच वेगळा आहे. पाना लावून रेटलं तर मॅग्नेटचे आटे जातील आणि मग तो काढायचा कुठलाच सोपा रस्ता उरत नाही. तसं असेल तर व्यास, पिच आणि उजवे की डावे आटे हे पाहून टर्नरकडून एक तुकडा करून घ्या. अर्ध्या तासाचं लेथचं काम आहे.

मॅग्नेटच्या तोंडावर तीन छोटी आटेवाली भोकं असतील तर पट्टीचा पुलर होतो. १० मिमी जाडीची ८० × ८० मिमीची प्लेट घ्या. मॅग्नेटवर कागद ठेवून पेन्सिलनं घासा, भोकांचा छाप येईल. तो प्लेटवर चिकटवून पोगरानं (सेंटर पंचनं) खुणा करा. तिथं आरपार भोकं पाडा आणि मध्यभागी १२ मिमीचा नट वेल्ड करा. नट वेल्ड करताना त्यात बोल्ट घालून तो प्लेटला काटकोनात ठेवायचा, नाहीतर पुलर तिरपा ओढतो. बाजूचे तीन बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, आणि मॅग्नेटच्या पलीकडं किती बाहेर येतात ते मोजूनच लांबी ठरवा. मागं लगेच कॉइल असते. एक आटा जास्त गेला की तार खरवडली.

कुठलाही पुलर असो, क्रँकच्या टोकाचे आटे वाचवायला मॅग्नेटचा नट क्रँकच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत परत चढवून ठेवा, किंवा मधे पितळेचा तुकडा द्या. मधला बोल्ट चांगला ताणून आवळा, मग त्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एकच कोरडा फटका. नाही सुटला तर पाव फेरी आवळा, परत फटका. मॅग्नेटच्या कडेवर ठोकायचं नाही. आतले चुंबक ठिसूळ असतात, तडकतात. तीन पायांचा बेअरिंग पुलर कडेला लावला तर मॅग्नेटची वाटी वाकते आणि नंतर कॉइलला घासते.

नट सोडताना मॅग्नेट फिरू नये म्हणून व्ही-बेल्ट कामाला येतो. ६०० मिमीचा तुकडा मॅग्नेटभोवती गुंडाळा, दोन्ही टोकं एका गजाला बोल्टनं बांधा आणि गज फिरण्याच्या उलट दिशेला ओढा. बेल्टवर तेल असेल तर घसरतो. आधी खडू घासा.

परत बसवण्यापूर्वी मॅग्नेटच्या आत बोट फिरवून पाहा. वायसर, सर्कलिप, ग्राइंडरचा बुरा, काहीही चिकटलेलं असू शकतं. निमुळती जागा पेट्रोलनं पुसून अगदी कोरडी करून मगच चढवा.

चाकाची बेअरिंग

बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर नंबर असतो आणि त्यातच माप असतं. ६२०१ म्हणजे आत १२, बाहेर ३२, जाडी १० मिमी. ६३०१ म्हणजे १२, ३७, १२. ६२०२ म्हणजे १५, ३५, ११. आपल्याला हवा तो आतला व्यास.

काढण्यासाठी त्या व्यासाचा बोल्ट घ्या. ६३०१ ला १२ मिमीचा. टोकाकडून हॅक्सॉनं मधोमध २५ मिमी खोल चीर पाडा. आटे कापून टाकून गुळगुळीत भाग वापरलात तर पकड जास्त चांगली. बोल्ट बेअरिंगच्या भोकात असा घाला की चिरलेलं टोक बेअरिंगच्या पलीकडं जरा पोचेल. मग चाकाच्या दुसऱ्या बाजूनं गज घालून त्या चिरेत बोथट छिन्नी किंवा पाचर ठोका. चीर फाकते, बोल्ट आतल्या रिंगला घट्ट पकडतो, आणि ठोकत राहिलात की बोल्टसकट बेअरिंग बाहेर येतं. बोल्टला भोकात सैलपणा असेल तर आधी डब्याच्या पातळ पत्र्याचं एक वेटोळं गुंडाळा.

हट्टी बेअरिंग असेल तर हब तापवा. हबला फडकं गुंडाळा आणि उकळतं पाणी ओता, दोन-तीन वेळा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ३७ मिमीच्या बेअरिंगला तापमान ८० अंशांनी चढलं की हब बेअरिंगपेक्षा सुमारे ०.०३ मिमी मोठा होतो. ऐकायला कमी वाटतं, पण बेअरिंगची पकड असते ती एवढीच. मे महिन्यात चाक उन्हात ठेवलं की हात लावता येत नाही हे खरं, तरी तेवढ्यावर भागत नाही, पाणी हवंच. गॅसची ज्योत मात्र नको. रंग जळतो आणि हब एकाच बाजूनं तापतो.

असं काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नाही. आतल्या रिंगवर मारलेला प्रत्येक फटका गोळ्यांतून बाहेरच्या रिंगकडं गेलेला असतो आणि खाचेत बारीक खड्डे पडतात. पण फेकूही नका, तोच आता दाबायचा ठोकळा. बाहेरचा व्यास ग्राइंडरनं पाव मिमी कमी करा, म्हणजे हबमध्ये अडकणार नाही. नवं बेअरिंग आदल्या रात्री फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. बसवताना हबमधून आटेवाला गज घाला, दोन्ही बाजूंनी जाड वायसर आणि नट, नव्या बेअरिंगवर घासलेलं जुनं बेअरिंग, आणि पानानं हळूहळू आवळा. गज भोकात सहज जायला हवा. ६२०२ ला १२ मिमीचा जातो, ६२०१ आणि ६३०१ ला १० मिमीचा घ्या. जोर बाहेरच्या रिंगवर पडतोय ना, हे दर फेरीला बघा.

क्रम चुकतो तो इथं: पहिलं बेअरिंग पूर्ण तळाला, मग मधला बुश, मग दुसरं बेअरिंग, आणि दुसरं फक्त बुशला टेकेपर्यंत. त्यापुढं आवळलं तर आतल्या रिंगा एकमेकींना बाजूनं दाबतात, चाक जड फिरतं आणि बेअरिंग काही हजार किलोमीटरांत आवाज करू लागतं. ॲक्सल घालून चाक बोटानं फिरवा. अडखळत असेल तर दुसऱ्या बाजूनं हलका फटका देऊन जरा मागं आणा.

पुढचा शॉकअप

शॉकअपच्या तळाला ॲलन बोल्ट असतो आणि तो सोडताना आतला डॅम्पर रॉड त्याच्याबरोबर फिरत बसतो. यासाठी वरचं झाकण आणि स्प्रिंग काढायच्या आधीच बोल्ट ढिला करा. स्प्रिंगच्या दाबानं रॉड धरलेला राहतो. झाकण उघडून झालं असेल तर ६०० मिमी लांब, २० मिमी जाडीचा कडक लाकडी दांडा घ्या, टोक चौकोनी निमुळतं तासा आणि आत घालून रॉडच्या डोक्यात ठोकून बसवा. एकानं दांडा दाबून धरायचा, दुसऱ्यानं ॲलन की फिरवायची. केरसुणीचा बांबू नको, तो फुटतो आणि चिपाट्या तेलात जातात.

सीलसाठी पीव्हीसी पाइप. पाइपचा आतला व्यास शॉकअप रॉडपेक्षा मोठा आणि बाहेरचा व्यास सील बसायच्या जागेपेक्षा किंचित कमी, एवढंच गणित. ३० मिमी रॉडचा ३० × ४०.५ मिमीचा सील असेल तर ४० मिमीचा शेतीचा पाइप नेमका बसतो. ३०० मिमी लांब तुकडा कापा आणि कापलेली कड काचेवर सँडपेपर ठेवून सपाट घासा. तिरपी कड सील तिरपा बसवते. नव्या सीलवर जुना सील ठेवून मग पाइपनं ठोका. सील तळाला टेकला की आवाज भरीव होतो आणि सर्कलिपची खाच पूर्ण दिसू लागते. रॉडच्या वरच्या कडेवर प्लॅस्टिकची पिशवी ताणून सील त्यावरून सरकवला की ओठ कापत नाहीत.

तेलाची पातळी मोजायला मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज आणि पातळ नळी. मॅन्युअलमध्ये दिलेल्या खोलीवर नळीला आडवी काडी बांधा, काडी रॉडच्या कडेवर टेकवा, तेल जरा जास्त ओतून घ्या आणि हवा येईपर्यंत खेचा. दोन्ही बाजूंची पातळी तंतोतंत सारखी येते.

व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचं साधन

१०० मिमीचा सी-क्लॅम्प आणि पाइपचा तुकडा, बस्स. पाइपचा बाहेरचा व्यास स्प्रिंगवरच्या टोपीएवढा घ्या, छोट्या इंजिनात साधारण २० ते २२ मिमी, लांबी ४० मिमी. बाजूला १५ मिमी रुंद खिडकी कापा; त्यातूनच लॉक, म्हणजे टोपीला व्हॉल्व्हवर धरणारे दोन छोटे तुकडे, काढायचे आणि घालायचे. कडा कानशीनं मोडा. क्लॅम्पचं एक टोक व्हॉल्व्हच्या तोंडावर, तिथं मधे रबर किंवा लाकूड. दुसरं टोक पाइपवर, आणि पाइपच्या वरच्या तोंडावर वायसर वेल्ड केलेला असला तर क्लॅम्प सरकत नाही.

आवळण्याआधी टोपीवर एक हलका फटका द्या. लॉक टोपीत रुतलेले असतात आणि फटक्याशिवाय नुसतं आवळत गेलं तर क्लॅम्प वाकतो. हे काम मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत हात घालून करा. लॉक उडाला तर पिशवीत राहतो, आणि तोंडावर येत नाही. चष्मा तरीही लावाच. परत घालताना लॉकच्या पाठीला ग्रीस लावून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर चिकटवा.

गजनपिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) हट्टी असेल तर: दोन्ही सर्कलिप काढा, ८ मिमीचा आटेवाला गज पिनमधून घाला. एका बाजूला पिनपेक्षा बारीक वायसर आणि नट, दुसऱ्या बाजूला पिन आत जाईल एवढी मोठी गोटी, गोटी आणि पिस्टनच्या मधे ट्यूबचा तुकडा. नट फिरवा, पिन गोटीत सरकते. ठोकून काढली तर कनेक्टिंग रॉड वाकायची भीती असते.

कॉम्प्रेशन कुठून जातंय

त्याच मापाचा जुना प्लग घ्या. वरची दुमडलेली कड ग्राइंडरनं घासून काढा, की आतली पांढरी मूठ मोकळी होऊन निघते. खालचा इलेक्ट्रोड कापा. वरच्या पोकळीत जुन्या ट्यूबचा पितळी व्हॉल्व्ह बसवा आणि ब्रेझिंग करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या बिंदूवर आणा, हा प्लग लावा, गाडी टॉप गिअरमध्ये, मागचा ब्रेक दाबलेला, आणि पायपंपानं ३० ते ४० पीएसआय हवा भरा. क्रँकवर पाना अडकवलेला राहू देऊ नका. ५० मिमीच्या बोअरवर ४० पीएसआय म्हणजे पिस्टनवर सुमारे ५५ किलोचा दाब. बिंदू जरा चुकला तर पाना गरकन फिरतो.

आता ऐका. कार्ब्युरेटरकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणातून आली तर रिंग आणि बोअर. थोडी हवा रिंगांतून जाणारच. हेडच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं आणि बुडबुडे आले तर गॅस्केट. इंजिन खोलायच्या आधी ही दहा मिनिटं दिली की हेड उतरवायचं की ब्लॉक, ते आधीच ठरतं.

जाम स्क्रू

क्रँककेसचे चौफुलीचे स्क्रू जपानी पद्धतीचे असतात. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही आणि वर चढतो. टोकावर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट थोडी लावा, सहा कोनी दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घाला, डोक्यावर दोन जोरदार फटके द्या आणि त्या कोनांना पाना लावून फिरवा. खाच गेलीच असेल तर स्क्रूच्या डोक्यावर ६ मिमीचा नट ठेवून आतून वेल्ड करा. बॅटरीची वायर आधी काढायची. वेल्डिंगच्या उष्णतेनंच निम्मा स्क्रू सुटतो.

टॉर्क रेंचऐवजी काटा

बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरानंच आवळायला टॉर्क रेंच लागतो. त्याऐवजी हुकवाला लटकता काटा, तोच ज्यावर सामानाच्या बॅगा मोजतात. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर २५ सेंमीवर भोक पाडा किंवा खूण करून दोरी बांधा. काटा तिथं अडकवून पान्याला काटकोनात, आडवा आणि हळू खेचा. न्यूटन-मीटरचा आकडा २.४५ नं भागला की किलो येतात: १० ला ४.१, १२ ला ४.९, २० ला ८.२, ५० ला २०.४. काटा खरा आहे का ते पाच लिटर पाण्याच्या कॅननं बघा. पाणी ५ किलो, वर कॅनचं वजन. झटका दिला किंवा कोन सुटला तर आकडा खोटा येतो. बाजूच्या झाकणाचे ६ मिमीचे बोल्ट आणि क्लच नट यांना हे पुरतं. हेडचे नट दोन-तीन टप्प्यांत, समोरासमोर आवळायचे असतील तर खरा रेंच उसना आणा.

काय बनवू नये

मागच्या शॉकअपची स्प्रिंग क्लॅम्प किंवा दोरीनं दाबू नका. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगपेक्षा तिच्यात कितीतरी जास्त ताकद साठलेली असते आणि क्लॅम्प घसरला तर हाड मोडतं. प्रेस असलेल्या दुकानात द्या. क्रँकची जोडणीही तिकडचंच काम. व्ही-ब्लॉक आणि डायल गेज नसताना क्रँक सरळ झाला की नाही हे कळत नाही.

आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) विकतच घ्या. टॅपेटचा गॅप ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असतो. ब्लेड, पत्रा किंवा कागदाच्या घडीनं तो मोजता येत नाही, आणि गेज तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.